तळव्यांची आग मुकाट सोसू नका

कॅपेसिटाबिन या केमोच्या गोळ्यांनी अनेकांचे तळहात-तळपाय लाल होतात, जळजळतात, कातडी सोलते. ‘जीव वाचतोय ना, मग एवढं सोसायचं,’ असं घरचे मायेनेच म्हणतात. पण दुखणं वाढलं की डॉक्टरांना डोस घटवावा किंवा थांबवावा लागतो. सोसण्यामुळे ठरलेला उपचारच विस्कटतो. दिल्लीच्या एम्समधल्या २६४ रुग्णांच्या, २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत डायक्लोफेनॅक जेल लावणाऱ्यांपैकी ३.८ टक्क्यांनाच मध्यम वा तीव्र त्रास झाला, औषधाविना जेल लावणाऱ्यांपैकी १५ टक्क्यांना. सांधेदुखीवरचं हे साधं, स्वस्त औषध! मग स्वतःच आणून का लावू नये? कारण अ‍ॅलर्जी, मूत्रपिंडाचे विकार डॉक्टरांनी आधी तपासायला हवेत. नखाशी सूज किंवा पू दिसला, तरी पुढच्या तारखेची वाट न पाहता लगेच कळवावं.