ऱ्हॉम्बॉइड स्नायू

ऱ्हॉम्बॉइड स्नायू हे पाठीच्या वरच्या भागात, पाठीचा कणा आणि अंसफलक (खांद्यामागील फावड्यासारखे चपटे हाड) यांच्या दरम्यान असणारे स्नायू होत. प्रत्येक बाजूस लघु व बृहत् असे दोन, म्हणजे एकूण चार स्नायू असतात. ट्रॅपीझियस या मोठ्या स्नायूने झाकलेले असल्यामुळे ते बाहेरून सहसा ओळखू येत नाहीत.

नाव

हे नाव मूळचे ग्रीक आहे. समोरासमोरील बाजू व कोन समान, पण लगतच्या बाजू असमान आणि एकही काटकोन नाही, अशा चौकोनाला युक्लिडने ऱ्हॉम्बॉइड म्हटले आहे. शाळेत शिकविला जाणारा समभुज चौकोन तो नव्हे. म्हणून या स्नायूंना मराठीत 'समभुज' म्हणणे त्यांच्या आकाराशी जुळत नाही. तिरका समांतरभुज चौकोन डोळ्यांपुढे आणणे अधिक बरोबर.

रचना

लघु स्नायू मानेचा ७वा व छातीचा १ला मणका यांच्या मागील टोकांपासून निघतो आणि अंसफलकाच्या आतील कडेवर, त्या हाडाचा आडवा कंगोरा जेथे सुरू होतो त्या पातळीवर जडतो. बृहत् स्नायू छातीच्या २ऱ्या ते ५व्या मणक्यांपासून निघून त्याच कडेवर त्याखाली, थेट खालच्या टोकापर्यंत पसरतो. दोहोंचे तंतू कण्यापासून खाली व बाहेर असे तिरके जातात. काही व्यक्तींत हे दोन स्नायू एकमेकांत मिसळलेले असतात.

कार्य

अंसफलकाला धडाच्या सांगाड्याशी जोडणारा हाडाचा दुवा एकच, तो म्हणजे हासळीचे हाड. बरगड्यांशी त्याचा खरा सांधा नसतो. ते त्यांच्यावरून सरकते. त्याला जागेवर धरण्याचे काम भोवतालच्या स्नायूंनाच करावे लागते. ऱ्हॉम्बॉइड स्नायू त्याला कण्याकडे व वर ओढतात. बरगड्यांच्या बाजूने येणारा सेरेटस अँटेरियर त्याला पुढे खेचतो. या दोहोंच्या ताणामुळे अंसफलक छातीच्या भिंतीला टेकून राहते. याखेरीज ऱ्हॉम्बॉइड स्नायू अंसफलक असे फिरवतात, की खांद्याची खोबण खाली झुकते. आडाच्या रहाटावरून पाणी शेंदताना दोर खाली ओढला जातो व कोपरे मागे येतात, तेव्हा अंसफलक कण्याकडे ओढले जाणे व खोबण खाली झुकणे या हालचाली एकत्र घडतात.

उलट, हाताची घडी घालून किंचित पुढे वाकल्यास अंसफलके कण्यापासून दूर जातात. फुप्फुसांचा आवाज ऐकण्यापूर्वी डॉक्टर रुग्णाला असे करावयास सांगतात ते याचसाठी. बृहत् स्नायूच्या खालच्या कडेजवळ स्नायूंचा थर विरळ असलेला एक त्रिकोण आहे, तो त्यामुळे रुंदावतो.

तंत्रिका व विकार

या स्नायूंना प्रामुख्याने मानेच्या ५व्या तंत्रिकामूळापासून निघणाऱ्या पृष्ठ अंसफलक तंत्रिकेकडून संदेश मिळतो. तिला इजा झाल्यास त्या बाजूचे अंसफलक कण्यापासून थोडे दूर सरकते व त्याचे खालचे टोक बाहेर वळते. हा बदल अनेकदा इतका सूक्ष्म असतो, की दोन्ही बाजू ताडून पाहिल्याशिवाय ध्यानात येत नाही. तपासणीत रुग्णाला हात कमरेवर ठेवून, विरोध होत असताना कोपर मागे रेटावयास सांगतात. निरोगी स्नायू त्या वेळी अंसफलकाच्या आतील कडेपाशी बोटांना घट्ट लागतो.

खांद्यांच्या मध्ये दुखले की 'उसण भरली' असे आपण सहज म्हणतो, आणि पुष्कळदा ते खरेही असते. हालचालीने किंवा दाबल्याने वाढणारी वेदना बहुधा स्नायूंची वा मणक्यांची असते. तथापि पित्ताशयाच्या विकाराची वेदना उजव्या अंसफलकापाशी जाणवू शकते, तर हृदयविकाराची व महारोहिणी फाटल्याची वेदनाही दोन्ही अंसफलकांच्या मध्ये उमटू शकते. अशी वेदना अचानक व तीव्र असल्यास, किंवा तिच्याबरोबर धाप लागत असल्यास वा घाम फुटत असल्यास, शेक-मालिश करीत न बसता रुग्णाला तत्काळ रुग्णालयात न्यावे लागते.