‘गण गण गणात बोते’ : वऱ्हाडात घरोघरी होणाऱ्या या जपाचा अर्थ काय?

अकोल्याहून शेगावला पायी निघालेल्या भक्तांच्या तोंडी, अमरावतीतल्या घरांमध्ये, गाड्यांच्या काचांवर आणि व्हॉट्सअॅपच्या स्टेटसवर एकच नाद असतो, ‘गण गण गणात बोते’. संत गजानन महाराजांचं हे भजन अनेकांना लहानपणापासून पाठ असतं. अर्थ विचारला, की मात्र बरेच जण थांबतात. चला, तो समजून घेऊया.

हा नाद आला कुठून?

गजानन महाराज २३ फेब्रुवारी १८७८ रोजी, माघ वद्य सप्तमीला, शेगावात पहिल्यांदा लोकांच्या नजरेस पडले. आज बुलढाणा जिल्ह्यात असलेलं शेगाव १९०५ पर्यंत अकोला जिल्ह्यात होतं. महाराज फारसं बोलत नसत. हे शब्द मात्र सतत गुणगुणत. त्यामुळे काही लोक त्यांना ‘गिणगिणे बुवा’ म्हणू लागले. महाराजांनी स्वतः ग्रंथ लिहिला नाही, त्यामुळे हा नादच त्यांची सर्वात मोठी शिकवण ठरला.

शब्दांचा अर्थ

दासगणू महाराजांनी १९३९ मध्ये लिहिलेल्या २१ अध्यायांच्या ‘श्री गजानन विजय’ पोथीत याचा उलगडा आहे. त्यानुसार पहिला ‘गण’ म्हणजे जीव. ‘गणात’ हा शब्द सांगतो, की हा जीव ब्रह्मापासून वेगळा नाही. ‘बोते’ हा शब्द अपभ्रंश असल्याचं मानलं जातं आणि त्याचे वेगवेगळे अर्थ लावले जातात. थोडक्यात सांगायचं तर, प्रत्येक जीवात तोच परमात्मा आहे, त्याला वेगळा समजू नका.

ॐकाराशी नातं काय?

ॐ हा हिंदू परंपरेतला मूळ नाद. फक्त १२ मंत्रांच्या मांडूक्य उपनिषदात त्याचं विवेचन आहे. अ म्हणजे जागेपण, उ म्हणजे स्वप्न, म म्हणजे गाढ झोप आणि त्यानंतरची शांतता म्हणजे या तिन्हींच्या पलीकडची चौथी अवस्था. आत्मा आणि ब्रह्म एकच आहेत, हेही तेच उपनिषद सांगतं. म्हणजे जे ॐकारातून संस्कृतात सांगितलं गेलं, तेच शेगावचा नाद शेतकऱ्याच्या तोंडी सहज बसेल अशा शब्दांत सांगतो. त्यासाठी दीक्षा लागत नाही, जात आडवी येत नाही.

अर्थ जगण्यात कसा दिसतो?

पोथीतला पहिलाच प्रसंग पाहा. देविदास पातुरकरांच्या घरी जेवणावळ झाली होती. बाहेर टाकलेल्या उष्ट्या पत्रावळींवरची शितं महाराज वेचून खात होते. अन्न हेही ब्रह्मच, मग ते उष्टं म्हणून टाकायचं कसं? बंकटलाल अगरवाल आणि दामोदरपंत कुलकर्णी यांनी हे पाहिलं आणि हा वेडा नव्हे, हे ओळखलं. आजही प्रकट दिनाला पिठलं-भाकरी आणि अंबाडीच्या भाजीचा साधा नैवेद्य आवडीने केला जातो.

जप करताना काय लक्षात ठेवावं?

‘इतक्या वेळा म्हणा, अमुक आजार बरा होईल’ असे मेसेज या जपाच्या नावाने फिरतात. पण जप हा औषधाला पर्याय नाही. आजारपणात डॉक्टरकडे जावंच. जपाने मन शांत होतं, असा अनेकांचा अनुभव आहे. कोणी ‘गणी गण गणात बोते’ असंही म्हणतात, त्यावरून वाद घालण्याची गरज नाही.

खरी कसोटी उच्चाराची नाहीच. सकाळी १०८ वेळा जप केला आणि दुपारी दारात आलेल्या भुकेल्या माणसाला हाकललं, तर शब्द पाठ झाले, अर्थ राहून गेला. त्याला भाकरी वाढली, तर अर्थ न सांगताही कळला.

गण गण गणात बोते!