शीण उतरवणाऱ्या तबकड्या

ऊसतोड सुरू झाली की पंचगंगेकाठच्या घरांत दिवेलागणीला कुणाच्या तोंडून शब्द निघत नाही. धारा काढून झाल्या, वैरण टाकून झाली, तव्यावर भाकरी पडली, तरी घर गप्पच. अशा वेळी मोबाईलवर हाताला लागेल ते गाणं लावू नका. धांगडधिंग्यानं शीण उतरत नाही, उलट डोकं उठतं. आपल्या कोल्हापूरशी नातं असलेल्या दोन तबकड्यांची आज ओळख करून द्यायची आहे. तबकडी वाजवायचं यंत्र आता कुणाच्या घरात नसलं, तरी त्यातलं गाणं मोबाईलवर सापडतं.

पहिली केसरबाई केरकरांची भैरवी. बाई १८९२ साली गोव्यातल्या केरी गावी जन्मल्या. आठ वर्षांच्या असताना त्या कोल्हापुरात आल्या नि अब्दुल करीम खाँसाहेबांकडे आठ महिने शिकल्या. पुढं त्यांना गुरू लाभले ते अल्लादियाखाँ, शाहू महाराजांच्या दरबारचे गवई. तरुणपणी अति गाण्यानं खाँसाहेबांचा आवाज बसला होता. परत आला तो पहिल्यासारखा नव्हता. दुसरा असता तर तंबोरा खुंटीला टांगून मोकळा झाला असता! यांनी त्या बदललेल्या आवाजाला शोभेल अशी वळणावळणाची गायकी बांधली. तीच जयपूर-अत्रौली घराण्याची गायकी. खाँसाहेब १९४६ साली गेले, पण त्यांची स्वतःची एकही तबकडी मागे नाही. ते कसे गात असतील, हे शिष्यांच्या गाण्यावरून ताडायचं.

म्हणून तर बाईंच्या तबकड्या मोलाच्या. जुन्या तबकडीच्या एका बाजूवर तीन-साडेतीन मिनिटांचंच गाणं मावे. तासभर राग मांडणाऱ्या बाईंना तेवढ्यात सगळं सांगावं लागे. ऐकताना शब्दांमागे धावू नका. मोटेचा नाडा भरल्या मोटेसह न तुटता वर येई, तसा त्यांचा सूर चढतो. तिकडे कान द्या. पहिल्यांदा नाही रुचणार कदाचित. चार रात्री ऐका.

१९७७ साली अमेरिकेनं व्हॉयेजर नावाची दोन यानं अंतराळात सोडली. प्रत्येकात सोन्याचा मुलामा दिलेली तांब्याची तबकडी आहे. तिच्यावर साऱ्या जगातून निवडलेल्या २७ रचना आहेत, नि भारताची म्हणून त्यात एकच, केसरबाईंची ही भैरवी. दुसरं यान ५ सप्टेंबरला सुटलं आणि १६ सप्टेंबरला बाई गेल्या.

दुसरं नाव तुमच्या घरात नवं नाही. गीतरामायण. ते गाणारे सुधीर फडके कोल्हापुरातच २५ जुलै १९१९ रोजी जन्मले. १९५५ च्या रामनवमीपासून पुणे आकाशवाणीवर आठवड्याला एक याप्रमाणे ही ५६ गीतं आली, शब्द ग. दि. माडगूळकरांचे, चाली फडक्यांच्या. आता लोक सगळी एका दमात लावून ठेवतात नि कामाला लागतात. पुरणपोळ्या झाल्या म्हणून काय एका पंगतीला दहा खायच्या? मूळची रीतच बरी. जेवणं उरकली की एक गीत, सगळ्यांनी मिळून. म्हाताऱ्यांना पुढची कथा ठाऊक असते, पोरं विचारतात, आणि गप्प घर आपोआप बोलू लागतं.

अल्लादियाखाँसाहेबांचा आवाज राहिला नाही, तशा आपल्या आजीच्या ओव्याही चालल्या आहेत. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी महाराष्ट्रातल्या खेड्यांत फिरून जात्यावरच्या लाखावर ओव्या गोळा केल्या. त्यात तुमच्या आजीची असेलच असं नाही. तेव्हा एका दुपारी माळ्यावरचं जातं खाली काढा. नुसतं बसून ‘ओवी म्हण’ म्हटलं तर तिला आठवणार नाही. हात फिरू लागला की आठवेल. रिकामं जातं फिरवू नका, मूठभर जोंधळे घाला. पंखा बंद करा आणि मोबाईल जात्यापाशी न ठेवता आजीच्या तोंडाजवळ धरा, नाहीतर घरघरच तेवढी ऐकू येईल.