उकळलेल्या भातातले बीजाणू

दिल्लीत कस्तुरबा गांधी मार्गावरच्या महाराष्ट्र सदनात असो की लातूरच्या एखाद्या घरात, भात उकळला म्हणजे त्यातले सगळे जीवाणू मेले, असे आपण धरून चालतो. बॅसिलस सिरस या जीवाणूच्या बाबतीत हे खरे नाही. मातीतून तांदळावर आलेले त्याचे बीजाणू उकळत्या पाण्यातही तग धरतात. १९७१ साली ब्रिटनमध्ये चिनी उपाहारगृहांतला फ्राइड राइस खाऊन लोकांना उलट्या होऊ लागल्या, तेव्हा तपास याच जीवाणूपाशी येऊन ठेपला. निपचित बीजाणू विष तयार करत नाही. तो रुजला, वाढला की करतो. आणि हे रुजणे विकरांच्या, म्हणजे एन्झाइमांच्या, हाती असते असे माझे म्हणणे आहे.

यावर कोणी म्हणेल, रुजण्याचा निर्णय तर बीजाणूतली ग्राहक-प्रथिने घेतात. घेतात खरी. एल-अलॅनिनसारखे अमिनो आम्ल भेटले की ती इशारा देतात, गाभ्यातले कॅल्शियमयुक्त डायपिकोलिनिक आम्ल बाहेर पडते आणि पाणी आत शिरू लागते. पण गाभ्याला पेप्टिडोग्लायकनच्या जाड थराने आवळून धरलेले असते. बॅसिलस सबटिलिस या त्याच्याच भाऊबंदामध्ये हा थर सीडब्ल्यूएलजे आणि एसएलईबी ही दोन विकरे कुरतडतात. नव्या पेशीची भिंत मात्र ती शाबूत ठेवतात, हे मला यातले सर्वांत विलक्षण वाटते. दोन्हींची जनुके काढून टाकलेले बीजाणू इशारा ओळखतात, आम्लही सोडतात, तरी जवळपास सगळे तिथेच अडकतात. वरचे आवरण सैल करून त्यांना लायसोझाइम, म्हणजे आपल्या अश्रूंतलेच विकर, दिले की त्यांतले बरेच पुन्हा वाढू लागतात. इशाराही विकरांपासून मोकळा नाही: बॅसिलस सिरसच्या बीजाणूवरचे अलॅनिन रेसिमेझ एल-अलॅनिनचे डी-अलॅनिन करते, आणि हे डी-अलॅनिन रुजणे रोखते.

मग उकळताना ही विकरे नासत कशी नाहीत? बीजाणूच्या थरांत घट्ट बसलेले विकर मोकळ्या विकरापेक्षा कितीतरी जास्त उष्णता सोसते. शिवाय ती आयत्या वेळी बनवावी लागत नाहीत. बीजाणू तयार होतानाच ती त्यात ठेवलेली असतात. उलट ७० अंशांच्या आसपासची ऊब बीजाणूला रुजायला अधिक तत्पर करते. म्हणजे शिजवून ओट्यावर ठेवलेला भात दिल्लीच्या मे महिन्यात त्याला हवे ते सगळे देतो. पुन्हा गरम केल्याने वाढलेले जीवाणू मरतील, पण त्यांचे सेरूलाइड हे विष १२१ अंशांवर ९० मिनिटेही टिकते. उरलेला भात पसरट ताटात काढून लवकर निववा आणि तासा-दीड तासात फ्रिजमध्ये ठेवा.