प्राडाला कोर्टात खेचा, म्हणे!

बेंगळुरूत मराठी माणसं जमली आणि कुणाच्या पायात कोल्हापुरी दिसली, की एक वाक्य ठरलेलं: "आपल्याकडे जीआय आहे, प्राडाला कोर्टातच खेचायला हवं होतं!" जून 2025 मध्ये मिलानच्या रॅम्पवर प्राडा या इटालियन फॅशन कंपनीची तशीच अंगठ्याची चप्पल झळकली तेव्हापासून हे ऐकतोय. राग मलाही आला होता. पण दावा लावायचा तो कशावर?

जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मुख्यतः नाव राखतं. भलतीकडे केलेली चप्पल 'कोल्हापुरी' म्हणून विकली, तर 1999 चा कायदा आडवा येतो. प्राडाने ते नाव घेतलंच नव्हतं, नुसतं 'चामड्याची सँडल' म्हटलं. ओरड झाल्यावर मूळ भारतीय असल्याचं कबूल केलं. शिवाय इथली नोंदणी इटलीत चालत नाही. घाटाला संरक्षण देतो तो 2000 चा डिझाइन कायदा, तोही जास्तीत जास्त पंधरा वर्षं, आणि डिझाइन नवं असेल तरच. आजोबा-पणजोबांनी झिजवलेली कापशी कोल्हापुरी नवी कशी म्हणणार?

आणि 'आपल्याकडे' म्हणजे कुणाकडे हो? 2018 च्या नोंदणीत कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आहेत, तसेच बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूरही. नोंदणी दोन सरकारी महामंडळांच्या नावे: महाराष्ट्राचं लिडकॉम आणि इथलं, बेंगळुरूचं लिडकर. जुलै 2025 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने प्राडाविरुद्धची जनहित याचिका फेटाळली ती याच मुद्द्यावर: दाद मागायची तर नोंदणीधारकाने मागावी. डिसेंबरात प्राडाने करार केला तोही या दोघांशीच.

बाकीचे गैरसमज झटपट. 'वीस टक्के बदललं की नक्कल नाही': असा टक्का कुठल्याही कायद्यात नाही. 'कॉपीराइट आपोआप मिळतो, नोंदणी कशाला?': नोंदवण्याजोगं डिझाइन न नोंदवता औद्योगिक प्रक्रियेने पन्नासहून जास्त नग काढले, की कॉपीराइट संपला. 2016 मध्ये रितू कुमार यांच्या कंपनीचा बिबाविरुद्धचा दावा दिल्ली उच्च न्यायालयात इथेच अडला. 'आधी प्रदर्शन, मग अर्ज': अहो, उलट! लोकांनी पाहिलेलं डिझाइन कायद्याला जुनंच.

राहता राहिला बेळगाव जिल्ह्यातल्या अथणीचा चप्पल-कारागीर. त्याला चेन्नईच्या जीआय नोंदणी कार्यालयात 'अधिकृत वापरकर्ता' म्हणून नाव लावता येतं. मग नावाच्या गैरवापराविरुद्ध तो स्वतः दाद मागू शकतो. असा कुणी ओळखीचा असेल, तर प्राडाला शिव्या घालण्याआधी त्याचा अर्ज भरून द्या.