जुन्या जीपगाडीचा जीर्णोद्धार

आपल्या जालन्यास मोडीचें लोखंड नवें नाहीं. येथील कारखान्यांत गांवोगांवचें भंगार वितळवून त्याच्या सळया केल्या जातात. एखादी जुनी जीप दारांत उभी राहून गंजूं लागली, म्हणजे तिलाही त्याच भट्टीची वाट दाखवावी, असें घरच्या मंडळींस वाटतें. परंतु भट्टी केवळ लोखंड परत देते. त्या लोखंडास कातून व घासून दिलेला नेमका आकार मात्र कायमचा जातो. म्हणून गाडी मोडींत घालण्यापूर्वी ती पुन्हां उभी करितां येईल कीं नाहीं, हें कसें ठरवावें, याचा विचार येथें करूं.

जीपचा जन्म दुसऱ्या महायुद्धांतला. १९४१ ते १९४५ या काळांत अमेरिकेंत विलीज व फोर्ड या कंपन्यांनीं अशा सहा लाखांहून अधिक गाड्या बांधल्या. १९४५ सालीं आपल्या देशांत स्थापन झालेल्या महिंद्र कंपनीनें पुढें लवकरच विलीज जीपची जोडणी मुंबईस सुरू केली. युद्धकालीन जीपचें एंजिन चार सिलिंडरांचें व अवघ्या ६० अश्वशक्तीचें. तरीही ती चिखल व चढ पार करिते, याचें रहस्य दांतेरी चाकांच्या गणितांत आहे. फेऱ्यांचा वेग पहिल्या गिअरमध्यें सुमारें २.६६ पट, ट्रान्सफर केसमध्यें १.९७ पट व आंसांत ४.८८ पट कमी होतो. तिन्हींचा गुणाकार सुमारें २५.६ येतो. म्हणजे एंजिनाचे पंचवीसांहून अधिक फेरे होतात तेव्हां चाक एकदां फिरतें. आणि घर्षणांत जाईल तेवढा सोडला, तर वेग घटतो त्याच प्रमाणांत जोर वाढतो.

एंजिन खोलतांना पहिला नियम हा, कीं प्रत्येक भागावर खूण करावी. क्रँकवरील बेअरिंगांच्या टोप्या आपापल्या जागींच बसवून कातलेल्या असतात. त्यांची अदलाबदल चालत नाहीं. दुसरा नियम मोजण्याचा. सिलिंडर सर्वत्र सारखा झिजत नाहीं. पिस्टनच्या रिंगा वर जेथवर पोंचतात तेथें तो अधिक झिजतो व त्याची गोलाईही बिघडते. अशा वेळीं नुसत्या नव्या रिंगा घालून निळा धूर थांबत नाहीं. सिलिंडर बोअर करून मोठ्या मापाचे पिस्टन घालावे लागतात. डोळ्यांस चकचकीत दिसणारा भाग मापांत खोटा ठरतो, तो असा.

गिअरबॉक्समध्यें दांतांच्या कडा पाहाव्या. त्या झिजून तिरप्या झाल्या असतील तर चालत्या गाडींत गिअर आपोआप सुटतो, आणि उताराच्या रस्त्यावर तें जिवावर बेततें.

आंसांतील क्राउन व पिनियन यांची जोडी फोडूं नये. तीं एकमेकांसमवेत घासून तयार केलेलीं असतात. युद्धकालीन जीपच्या पिनियनास ८ व क्राउनास ३९ दांत असत. या दोन संख्यांचा लसावि ३१२. त्यामुळें पिनियनचे ३९ फेरे झाल्याखेरीज तेच दोन दांत पुन्हां भेटत नाहींत, आणि झीज सर्व दांतांत वांटली जाते. जोडी नीट बसली कीं नाहीं हें पाहण्यास पूर्वी तेलांत कालवलेला शेंदूर दांतांस लावीत. शेंदूर विषारी असल्यानें आतां त्यासाठीं निराळा लेप मिळतो. फिरवल्यावर लेपाचा ठसा दांताच्या मधोमध उमटला पाहिजे. कडेस उमटला तर पातळ चकत्या घालून अंतर पुन्हां साधावें.

इतकें करूनही आंसाच्या दांड्यास चीर आढळली, तर मोह आवरून तो बदलावाच. तेथें काटकसर केली तर तिची किंमत गाडींत बसणारांस द्यावी लागते. सांगाडाच जागोजागीं गंजून पोकळ झाला असेल, तर मात्र ती गाडी भट्टीस देणें हेंच उचित. कोणता भाग राखावा व कोणता सोडावा, हें ममतेनें किंवा कंटाळ्यानें न ठरवितां मापानें ठरवावें. आमच्या विद्यार्थ्यांनीं एकदां तरी एखाद्या कुशल मिस्त्रीजवळ उभें राहून त्याचें मोजणें पाहावें. वर्गांत शिकलेला लसावि तेथें त्यांस तेलकट हातांनीं भेटेल.