दुखणे सांगावे, पण कोणाला?

डॉक्टरांच्या खोलीचे दार लागल्यावर रुग्ण जे बोलतो, ते त्या खोलीबाहेर जाऊ नये, हा वैद्यकीचा फार जुना दंडक आहे. हल्ली मात्र डॉक्टरांकडे जाण्याआधीच आपण आपले दुखणे मोबाइलला सांगतो. अनियमित पाळी, मूळव्याध, मनाची उदासी... घरच्यांपाशीही ज्याची वाच्यता करवत नाही, ते इंटरनेटवर शोधताना आपण निःसंकोच लिहितो. तेथे दार लागलेले नसते, याचे भान आपल्याला नसते.

आरोग्यविषयक अनेक संकेतस्थळांवर जाहिरात कंपन्यांची डोळ्यांना न दिसणारी यंत्रणा बसवलेली असते. आपण कोणते पान उघडले, याची नोंद 'कुकी' नामक छोट्या फाइलींच्या साहाय्याने ठेवली जाते आणि मग त्याच विषयाच्या जाहिराती आपल्या मागे लागतात. ज्या घरात एकच फोन चौघांच्या हाती फिरतो, तेथे अशी एखादी जाहिरातही कुणाचे गुपित फोडू शकते. ही भीती अनाठायी नाही. ग्राहकांची औषधांविषयीची माहिती फेसबुक, गूगल आदी कंपन्यांना पुरवल्याच्या आरोपावरून अमेरिकेतील 'गुडआरएक्स' या कंपनीवर २०२३ साली तेथील संघीय व्यापार आयोगाने कारवाई केली. त्या प्रकरणात कंपनीने १५ लाख डॉलर दंड भरण्याचे मान्य केले.

'इनकॉग्निटो' खिडकी उघडली की आपण अदृश्य झालो, असा अनेकांचा समज असतो. त्या खिडकीमुळे फोनवर शोधाचा इतिहास उरत नाही, एवढेच. सामायिक फोनवर तिचा उपयोग जरूर आहे, परंतु संकेतस्थळाला आणि इंटरनेट पुरवणाऱ्या कंपनीला आपली भेट कळू शकते.

म्हणून काही साध्या सवयी लावून घ्या. ब्राउझरच्या सेटिंग्जमध्ये जाऊन 'थर्ड-पार्टी कुकीज' बंद करा. फायरफॉक्स व सफारी हे ब्राउझर असा माग काढणे मुळातच बऱ्याच अंशी रोखतात. गूगल खात्यातील शोधांची नोंद ३ महिन्यांनी आपोआप पुसली जाईल, अशी सोय करून ठेवा. पाळीची नोंद ठेवणाऱ्या ॲपला तुमचे ठिकाण व संपर्कयादी कशाला हवी? ती परवानगी काढून घ्या. नाहीतर घरातील साधी वही त्या कामी पुरेशी आहे. तब्येतीचे अहवाल अनोळखी संकेतस्थळावर कधीही चढवू नका.

सर्वोच्च न्यायालयाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्वाळा दिला. घरातही तो पाळला जावा. वयात येणाऱ्या मुलीने वा वृद्ध सासऱ्यांनी फोनवर काय शोधले, हे चाळून पाहण्याचा मोह आवरा.

या साऱ्याचा अर्थ माहिती शोधणेच सोडून द्यावे असा नव्हे. संकोचापायी दडवलेले दुखणे बळावते. निर्धास्तपणे विचारता यावे, यासाठीच ही सावधगिरी बाळगायची; आणि शेवटचा प्रश्न मात्र दार लावून, डॉक्टरांनाच विचारायचा.